एकविसावं शतक २००० ला लागलं की २००१ ला?

लेकीचा_बाबा: मुलीच्या शाळेत क्विझ होती (पेठेतली शाळा आहे, नाव नको). एकविसावं शतक कधी सुरू झालं विचारलं, तिने १ जानेवारी २००१ सांगितलं तर चूक दिली, म्हणे २०००. घरी येऊन रडली, कारण मीच शिकवलेलं. अहो इसवी सनात शून्य साल नाहीच! ही मोजणी ५२५ साली डायोनिसियस नावाच्या साधूने बसवली, रोमन आकड्यांत शून्य नव्हतं, त्यामुळे इसवी सनपूर्व १ संपलं की थेट इसवी सन १. मग पहिलं शतक १ ते १००, विसावं १९०१ ते २०००. क्रिकेटमधे पण ९९ वर शतक होतं का?

कोथरूडकर७९: क्रिकेटचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय, फलंदाज शून्यावर उतरतो. आणि शतक ही लोकांनी वापरायची गोष्ट आहे. ३१ डिसेंबर १९९९ ला कॅम्पात एमजी रोडला पाय ठेवायला जागा नव्हती, मी स्वतः होतो तिथे, सगळ्यांना कळत होतं की काहीतरी बदलतंय, चारही आकडे एकदम बदलले की! जर्मनीने तर १ जानेवारी १९०० लाच सरकारी पातळीवर विसावं शतक सुरू केलेलं. खगोलवाले पण गणितासाठी शून्य साल धरतात.

लेकीचा_बाबा: बरं मग रन सोडा, ओव्हर घ्या. पहिला बॉल पडायच्या आधीच आपण 'पहिली ओव्हर' म्हणतो ना, तसं साल आहे, ते सुरू होतानाच त्याला नंबर लागतो. १९ ओव्हर झाल्या आणि विसावी सुरू झाली म्हणून टी-ट्वेंटीची इनिंग संपली असं कोण म्हणेल? २००० हे विसाव्या शतकाची शेवटची ओव्हर होतं, ती टाकून व्हायला नको का?

पंचांगवाली: आपल्या भाषेत हा फरक रोजचा आहे खरं तर. आजी म्हणायची "मला ऐंशीवं लागलं", म्हणजे ७९ पूर्ण. 'लागलं' आणि 'पूर्ण झालं' यात आख्ख्या वर्षाचं अंतर. शिवराज्याभिषेकाचंच बघा, १६७४ ला राज्याभिषेक शक १ सुरू झाला, म्हणून ३५० वं वर्ष जून २०२३ ला लागलं आणि ३५० पूर्ण झाली ती २०२४ ला. दोन्ही वर्षी कार्यक्रम झाले आणि दोन्ही बरोबरच होते. पण शालिवाहन शक पंचांगात गतवर्षांनी मोजतात, शके १९४७ लिहिलं की तेवढी वर्षं होऊन गेलेली असतात, चालू असतं ते १९४८ वं.

कोथरूडकर७९: तेच म्हणतोय मी!! गुढीपाडव्याला शके १९०० लागलं तेव्हा १९०० वर्षं पूर्ण झालेली होती, म्हणजे आपल्याकडच्या हिशोबाने दोन शून्यांवरच नवं शतक लागतं. मग माझं म्हणणं एवढं अडाणीपणाचं नाही.

लेकीचा_बाबा: अडाणी कोण म्हणतंय, शकासाठी तुमचं मान्य. पण प्रश्न इसवी सनाचा होता आणि तिथे पहिलं वर्ष चालू असतानाच १ लिहितात, राज्याभिषेक शकासारखं. एका मोजणीचा नियम दुसरीला कसा लावायचा? मला क्विझ जिंकायची नाहीये, पण पोरगी आता म्हणते पुढच्या वेळी २०००च सांगते, ते ऐकून फार वाईट वाटलं.

पंचांगवाली: शाळेत जाऊन बोला. जाताना पहिल्या शतकाची वर्षं कागदावर मांडून न्या, २००० वरून सुरू करायचं तर पहिलं शतक ९९ वर्षांचंच उरतं हे बाईंना दिसेल.

कोथरूडकर७९: मी अजूनही शतक २००० पासूनच धरतो, आमच्या पिढीने ते तसंच साजरं केलं. पण २००१ ला चूक देणं मलाही पटत नाही, तिचा मार्क तिला मिळालाच पाहिजे. जा तुम्ही शाळेत.

लेकीचा_बाबा: सोमवारी जातोय, तिला घेऊनच. ओव्हरवालं ती स्वतः सांगणार आहे.