आमचे ६२५ आणि तुमचे ५००

खानापूरकर: "कर्नाटकात दहावीला मार्क वाटतात, त्यांचे ९२ म्हणजे आमचे ८५," असं काल कोल्हापूरच्या एका पाहुण्यांनी इथं लिहिलं. डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितोय. पुतणीचं एसएसएलसीचं, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचं, गुणपत्रक समोर आहे. मराठी १२५ पैकी ११८, इंग्रजी ८१, कन्नड ६२, गणित ९१, विज्ञान ८९, समाज ९०. एकूण ६२५ पैकी ५३१, म्हणजे ८४.९६ टक्के. महाराष्ट्रात सहापैकी चांगले पाच विषय धरतात. तसं धरलं, तर कन्नड गळतं आणि पोरगी ८९ च्या पुढं जाते. कोल्हापूरला अकरावीच्या यादीत ती मागं पडली. कुणाला वाटले मार्क?

पंचगंगाकाठ: ते वाक्य माझंच. २०२४ ला तुमच्याकडं ग्रेस मार्क १० वरून २० टक्के केले, खरं की खोटं?

निपाणीच्या बाई: खरं. पण त्याच वर्षी परीक्षेला कॅमेरे लावले आणि ग्रेस देऊनही निकाल ८३.८९ वरून ७३.४० वर आला. अर्धंच सांगू नका, सर. आणि खानापूरकर, पहिल्या भाषेला १२५ आहेत, त्याचा फायदा आपल्याच मराठी पोरांना होतो. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

सीमावासी: कसला फायदा, बाई? परिपत्रक कन्नडात, जमिनीचा उतारा कन्नडात, बसची पाटी कन्नडात. आता पोरांची टक्केवारीपण कन्नडच्याच हातात!

निपाणीच्या बाई: म्हणूनच ते नीट शिकवा म्हणते. माझ्या वर्गातली पोरं कन्नड धडा वहीत देवनागरीत उतरवून पाठ करतात. तोंडी घडाघडा म्हणतात. पेपरात ओत्तक्षरं, म्हणजे कन्नडची जोडाक्षरं, लिहायची वेळ आली की पेन थांबतं.

सीमावासी: शिकवायला माणूस तर द्या! आमच्या गावात दोन वर्षं कन्नडला मास्तरच नव्हते. माझ्या पोराचं कन्नड तिथंच बुडालं. सक्ती करायला सगळे पुढं.

निपाणीच्या बाई: हे मात्र बरोबर आहे तुमचं. मास्तर नसतील तर सक्तीला अर्थ नाही. पण उद्या तालुक्याच्या कचेरीत अर्ज लिहायला पोरगा कुणाच्या पाया पडणार?

पंचगंगाकाठ: "वाटतात" हा शब्द मागं घेतो. पण दोन बोर्डांचे टक्के एका यादीत बसवू नयेत, हे माझं मत कायम आहे.

खानापूरकर: अहो, मग मी पहिल्यापासून दुसरं काय सांगतोय? पुतणीनं आता बेळगावातच पीयूसीला, म्हणजे आमच्याकडच्या अकरावीला, नाव घातलंय. आणि सोमवारपासून कन्नडच्या शिकवणीला जाते.