दार उघडलं, पण एकीपुरतंच

एलिझाबेथ ब्लॅकवेल १८४९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाली आणि अमेरिकेत बायकांना डॉक्टरकीचं दार उघडलं, असं म्हटलं जातं. यातलं दुसरं पटत नाही. तिच्या सख्ख्या बहिणीला, एमिलीला, त्याच जिनिव्हाने प्रवेश नाकारला! शिकागोच्या रश कॉलेजने एक वर्ष शिकवून पुढे मज्जाव केला. पदवी मिळाली ती १८५४ मध्ये, क्लीव्हलंडला.

खरी वाट पाडली ती १८५० मध्ये फिलाडेल्फियात खास स्त्रियांसाठी निघालेल्या कॉलेजाने. तिथल्या विद्यार्थिनी १८६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलात शिकायला गेल्या, तेव्हा तिथल्या मुलग्यांनी त्यांची हुर्यो उडवली, अंगावर कागदाचे बोळे फेकले. तरी त्या हटल्या नाहीत. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये एम.डी. झाल्या, त्या याच कॉलेजातून. हार्वर्डच्या मेडिकल स्कूलने मुली घेतल्या थेट १९४५ मध्ये.