फिकट रंगांबद्दल

लॉस एंजेलिसमधील ‘अमेरिका त्रोपिकाल’ (उष्णकटिबंधीय अमेरिका) हे मेक्सिकन चित्रकार सिकेरोसचे भित्तिचित्र ९ ऑक्टोबर २०१२ रोजी, म्हणजे मूळ अनावरणानंतर बरोबर ऐंशी वर्षांनी, पुन्हा खुले झाले, पण रंग इतके फिकट असताना सोहळा कशाचा, हा काहींचा आक्षेप समजण्यासारखा असला तरी मला पटत नाही. चित्राचे जतन करणाऱ्या गेटी या कलासंवर्धन संस्थेच्या तज्ज्ञांनी नवे रंग भरायचे मुद्दामच टाळले, कारण १९३२ मधील उपलब्ध छायाचित्रे कृष्णधवल असल्याने प्रत्येक छटा ही निव्वळ अटकळ ठरली असती, आणि मग ते चित्र सिकेरोसचे उरले नसते.

शिवाय या चित्राचे महत्त्व रंगांपुरते नाही. उष्णकटिबंधाचे रमणीय दृश्य मिळेल अशा अपेक्षेत सारे असताना, सिकेरोसने अनावरणाच्या आदल्या रात्री सहाय्यकांना घरी पाठवून मधोमध क्रुसावर बांधलेला आदिवासी आणि त्याच्या डोक्यावर अमेरिकन गरुड रंगवला. रस्त्यावरून दिसणारा भाग आधी, आणि पुढे सगळेच चित्र पांढऱ्या रंगाखाली गेले ते त्यामुळेच. गंमत म्हणजे, चित्र झाकणाऱ्यांचा तो पांढरा रंग पुढे उडत गेला आणि साठच्या दशकाच्या अखेरीस आकृत्या पुन्हा दिसू लागल्या, तेव्हा तिथल्या चिकानो (मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या) चळवळीतील चित्रकारांनी ते चित्र आपले मानले. सोहळ्यातली गर्दी फिकट रंगांना नव्हे, या पुनरागमनाला दाद देत होती.