दत्तक गेलेल्या मुलांचे पुढे काय झाले?

प्रश्न : वंशवेल

एकोणिसाव्या शतकातील मराठी घराण्यांचा इतिहास वाचताना दत्तकविधानाचे उल्लेख पानोपानी येतात, परंतु ते सारे घेणाऱ्यांच्या बाजूने लिहिलेले असतात. गादी निपुत्रिक राहिली, राणीने अमुक शाखेतील मुलगा मांडीवर घेतला, सरकारने मान्यता दिली किंवा नाकारली, आणि पुढचा परिच्छेद कारभाराकडे वळतो. ज्याचे नाव आणि आईबाप एका दिवसात बदलले, त्या आठ-दहा वर्षांच्या मुलाने ते कसे निभावले, हे फार थोड्या ठिकाणी सापडते. आमच्या घरच्या वंशावळीतही एक नाव एका शाखेतून नाहीसे होऊन दुसऱ्या शाखेत उगवते, आणि त्या माणसाविषयी त्यापलीकडे कोणालाच काही सांगता येत नाही, म्हणून हा प्रश्न मला जवळचा वाटतो. सयाजीराव गायकवाड आणि शाहू महाराज यांची उदाहरणे सर्वांना ठाऊक आहेत, पण त्या दोघांवरून सर्वांचे अनुमान काढणे मला बरोबर वाटत नाही. दत्तक जाण्याचा या मुलांच्या पुढील आयुष्यावर काय परिणाम झाला, आणि कोणाचे बरे होणार व कोणाचे वाईट, हे कशावर ठरत असे?

उत्तर : पंचगंगा

आपण शाहू महाराजांचे नाव घेतले आहे, तर त्यांच्या आधी त्याच गादीवर आलेल्या दोघा दत्तकांकडे प्रथम पाहावे, असे मी सुचवीन. कोल्हापुरात 1866, 1871 आणि 1884 अशी अठरा वर्षांत तीन दत्तकविधाने झाली. पहिले राजाराम महाराज, मूळचे पाटणकरांच्या घरातले. ते सोळाव्या वर्षी दत्तक आले, उत्तम इंग्रजी शिकले, 1870 मध्ये इंग्लंडला गेले आणि परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्स येथे 30 नोव्हेंबर 1870 रोजी, अवघ्या विसाव्या वर्षी वारले. आर्नो नदीच्या काठी त्यांचे दहन झाले आणि त्या जागी उभारलेले स्मारक आजही तेथे आहे.

त्यांच्यानंतर 1871 मध्ये आठ वर्षांच्या नारायणरावास दत्तक घेऊन चौथे शिवाजी म्हणून गादीवर बसवण्यात आले. या मुलाची कहाणी वाचताना मन विषण्ण होते. त्याच्याभोवती शिक्षक, कारभारी आणि पोलिटिकल एजंट होते. परंतु केवळ त्याच्या भल्याकडे पाहणारे कोणी होते, असे कागदपत्रांतून जाणवत नाही. पुढे त्याला वेड लागल्याचे जाहीर करण्यात आले. त्याचा छळ होत असल्याची बातमी पुण्यापर्यंत पोहोचली, 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणारा मजकूर छापला, आणि अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक व आगरकर यांना 1882 मध्ये डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. हे 101 दिवस आपल्या शालेय पुस्तकांत येतात. ज्या मुलासाठी ते भोगले गेले, त्याचे नाव मात्र बहुतेकांना आठवत नाही. त्याला अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवले होते, आणि 25 डिसेंबर 1883 रोजी पहाऱ्यावरील एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर तो मरण पावला. तेव्हा त्याचेही वय वीसच होते.

आता याच्या शेजारी सयाजीरावांना ठेवून पाहावे. नारायणराव आणि मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळराव, म्हणजे पुढचे सयाजीराव, हे दोघेही 1863 सालचे, जेमतेम महिन्याभराच्या अंतराने जन्मलेले. गोपाळरावास 27 मे 1875 रोजी बडोद्याच्या राणी जमनाबाईंनी दत्तक घेतले, तेव्हा तो बारा वर्षांचा होता, म्हणजे आपण कोण व कोठून आलो हे जाणण्याइतका मोठा. त्याचे वडील काशीराव तिन्ही मुलांना घेऊन बडोद्यास आले होते आणि आनंदराव व संपतराव हे सख्खे भाऊ पुढेही बडोद्यातच राहिले. कागलच्या घाटग्यांच्या यशवंतरावाचे, म्हणजे शाहू महाराजांचेही असेच आहे. 17 मार्च 1884 रोजी वयाच्या दहाव्या वर्षी ते दत्तक गेले. आई आधीच निवर्तली होती, पण जन्मदाते जयसिंगराव आबासाहेब हेच कोल्हापूरचे रीजंट, म्हणजे अल्पवयीन राजाच्या वतीने कारभार पाहणारे, असल्यामुळे 1886 मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत वडिलांचे छत्र कागदोपत्री तुटले तरी प्रत्यक्षात राहिले, आणि धाकटे बंधू बापूसाहेब तर त्यांना आयुष्यभर जवळचे होते. माझे मत असे आहे की, दत्तक मुलाभोवती त्याच्या पहिल्या घराचे कोणी उरले होते की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून होते. नारायणरावाच्या बाबतीत ते कोणी उरले नसावे.

उत्तर : बेतवा

वरील विवेचन मला पटते, परंतु ते पुरेसे वाटत नाही. मुलाच्या भोवती प्रेमाची माणसे असूनही त्याचे सर्वस्व गेले, असे एक उदाहरण आपल्यासमोर आहे, आणि ते झाशीच्या दामोदररावांचे.

नेवाळकरांच्या शाखेतील वासुदेवरावांचा मुलगा आनंदराव यास गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी, 20 नोव्हेंबर 1853 रोजी, इंग्रज अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत दत्तक घेतले, आणि स्वतःच्या वारलेल्या औरस मुलाचे दामोदरराव हे नाव त्याला दिले. मुलगा चार वर्षांचा होता. गव्हर्नर जनरल डलहौसीने 1854 मध्ये जो निर्णय दिला, त्यातली मेख लक्षात घेण्यासारखी आहे. दत्तक खोटे आहे, असे त्याने म्हटले नाही. श्राद्धविधी आणि खासगी मालमत्ता यांपुरते ते खरे, राज्यापुरते मात्र नाही, अशी त्याची भूमिका होती. त्यामुळे गंगाधररावांची खासगी रक्कम या मुलाच्या नावे, तो सज्ञान होईपर्यंत, सरकारी खजिन्यात ठेवली गेली, आणि 1858 नंतर तीही त्याला मिळाली नाही. जून 1858 मध्ये ग्वाल्हेरजवळ राणी लक्ष्मीबाईंना वीरमरण आले, तेव्हा हा मुलगा नऊ वर्षांचाही झाला नव्हता. राणीच्या निष्ठावंत माणसांनी त्याला घेऊन बुंदेलखंडाच्या रानावनांत दिवस काढले आणि शेवटी 1860 मध्ये त्याला इंदूरच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले. पुढचे सारे आयुष्य लहानशा तनख्यावर इंदुरातच गेले, आणि 28 मे 1906 रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. लक्ष्मीबाईंचे पुतळे गावोगावी आहेत आणि त्यांच्या पाठीशी बांधलेला मुलगा त्या पुतळ्यांतही आहे, पण राणीच्या मृत्यूनंतर तो मुलगा आणखी अठ्ठेचाळीस वर्षे जगला, हे किती जणांना ठाऊक असते?

दामोदरराव आणि सयाजीराव यांच्या वयात फक्त चौदा वर्षांचे अंतर आहे. दोघांचेही दत्तकविधान शास्त्रोक्त होते आणि दोघांच्याही मागे एक खंबीर दत्तक आई उभी होती. फरक पडला तो मधल्या काळातल्या धोरणाने. उठावाची किंमत मोजल्यावर व्हिक्टोरिया राणीच्या 1858 च्या जाहीरनाम्याने संस्थानिकांचे हक्क राखण्याचे आश्वासन दिले, आणि 1862 मध्ये व्हाइसरॉय कॅनिंगने त्यांना दत्तकाचा हक्क मानणाऱ्या सनदा दिल्या. सनदांच्या आधी दत्तक गेलेल्या मुलाला दावा मिळाला आणि नंतरच्याला राज्य मिळाले. दुसऱ्या बाजीरावांनी 1827 मध्ये घेतलेल्या नानासाहेबांनाही हेच भोगावे लागले. 1851 मध्ये बाजीराव वारले आणि वार्षिक आठ लाखांचा तनखा त्यांच्याबरोबर संपला. नानासाहेबांच्या पुढच्या आयुष्याला जी दिशा मिळाली, तिचे मूळ पुष्कळ अंशी या नाकारलेल्या वारशात आहे.

उत्तर : दप्तरखाना

आतापर्यंतची चर्चा राजघराण्यांची झाली, म्हणून वतनदार व सामान्य घरांबद्दल थोडे लिहितो, कारण प्रश्नकर्त्यांच्या वंशावळीतले नाव बहुधा अशाच घरातले असेल.

जुन्या धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक गेलेल्याचे गोत्र बदले, जन्मदात्यांच्या मालमत्तेवरचा हक्क सुटे, आणि त्यांच्या मृत्यूचे सुतकही दहाऐवजी तीन दिवसांचे होई. विवाहाच्या निषेधापुरते मात्र जन्मघराचे नाते कायम राही. दोन्ही घरांचा मुलगा राहावा असा करार असेल, तर त्याला द्व्यामुष्यायण म्हणत, आणि भावाभावांत दिलेल्या मुलांच्या बाबतीत ही सोय आढळते. मुंबई इलाख्यात आणखी दोन गोष्टी वेगळ्या होत्या. विधवेला पतीची स्पष्ट अनुज्ञा नसतानाही दत्तक घेता येत असे, आणि दत्तक जाणाऱ्याला वयाची मर्यादा नव्हती. लग्न होऊन मुले झालेला पुरुषही दत्तक जाऊ शके. अशा वेळी पत्नी त्याच्याबरोबर नव्या घरात जाई, पण आधी जन्मलेला मुलगा जुन्याच घराचा राही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय आहे. म्हणजे बाप आणि मुलगा यांची घराणी कायद्याने निराळी होत. आपल्या वंशावळीत जेथे नाव तुटते, तेथे त्या माणसाची मुले कोणत्या शाखेत दाखवली आहेत, हे अवश्य तपासावे.

दत्तकानंतर औरस मुलगा झाला, तर दत्तकाचा वाटा आमच्याकडे साधारण पाचव्या हिश्श्यावर येई. जन्मघरी परतता येत नाही आणि या घरात औरसाइतका मान नाही, अशा स्थितीत ज्यांचे तारुण्य गेले, त्यांची नावे जुन्या खटल्यांच्या कागदांत वादी-प्रतिवादी म्हणून तेवढी उरली आहेत. पुण्याचे सरदार बाबामहाराज यांच्या विधवा ताईमहाराज यांचे प्रकरण घ्या. बाबामहाराज 1897 मध्ये वारले, 1901 मध्ये औरंगाबादेस जगन्नाथ या मुलाचे दत्तविधान झाले, काही आठवड्यांत ताईमहाराजांनी कोल्हापूरच्या बाळामहाराजांना दत्तक घेतले, आणि कोणते दत्तक खरे याचा निकाल लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, 1915 मध्ये जगन्नाथाच्या बाजूने दिला. विश्वस्त म्हणून टिळकांना झालेल्या मनस्तापाबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. चौदा वर्षे आपण कोणाचे, हे न्यायालयात टांगलेल्या त्या दोन मुलांविषयी मला आजवर सलग असे काही वाचायला मिळालेले नाही.

प्रश्नकर्ता : वंशवेल

तिघांचेही मनापासून आभार. मुले कोणत्या शाखेत दाखवली आहेत, ही गोष्ट मला सुचलीच नव्हती. एक शंका उरते. या सर्व उदाहरणांत मूल घेतले गेले ते गादीसाठी, वतनासाठी किंवा पिंडासाठी. मुलासाठी म्हणून मूल घेतल्याचे त्या काळात काही उदाहरण आहे काय?

उत्तर : भिडेवाडा

आहे, आणि ते पुण्यातलेच आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी 1863 मध्ये आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, आणि तेथे 1874 च्या सुमारास काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच यशवंत. येथे गोत्र नव्हते, वतन नव्हते, सरकारी मान्यतेचा प्रश्न नव्हता. टाकून दिले जाण्याच्या वाटेवर असलेले एक मूल होते आणि त्याला वाढवू इच्छिणारे दोघे होते. जोतीरावांनी 1887 च्या मृत्युपत्रात त्याला वारस नेमले आणि 1889 मध्ये ज्ञानोबा ससाणे यांच्या मुलीशी त्याचा सत्यशोधक पद्धतीने विवाह करून दिला. यशवंतराव डॉक्टर झाले. 1897 च्या प्लेगमध्ये पुण्याबाहेर त्यांचा दवाखाना होता, आणि रुग्णांना तेथे पोहोचवता पोहोचवता सावित्रीबाईंना प्लेग होऊन 10 मार्च रोजी त्यांचे निधन झाले.

परंतु समाजाने त्यांना पुत्र म्हणून सहज स्वीकारले नाही. 1890 मध्ये जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवे (अंत्यविधीचे मडके) धरण्याचा यशवंताचा हक्क भाऊबंदांनी नाकारला, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतले, असे सांगितले जाते. यशवंतरावांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नीच्या वाट्याला हलाखीच आली.

मुलींचाही उल्लेख करायला हवा, कारण वरच्या संपूर्ण चर्चेत एकही मुलगी नाही. 1956 च्या दत्तक व पोटगी कायद्याने हिंदूंमध्ये मुलगी दत्तक घेणे प्रथमच सर्वत्र वैध झाले, दत्तकाचा कमी वाटा रद्द झाला आणि जन्मघरी आधी मिळालेली मालमत्ता दत्तक गेल्यावरही त्याच्याकडेच राहू लागली. दत्तक जाणाऱ्या मुलाला काय वाटते, हे विचारण्याची तरतूद मात्र त्या कायद्यातही नव्हती. देण्याची आणि घेण्याची संमती तेवढी मोठ्यांचीच होती.