आर्किटेक्टची फी वाचवावी का?

पायरीमोजे: भावाचं घर बांधायचं घाटतंय. कंत्राटदार म्हणतो, "नकाशा मीच काढतो, फी वाचेल, त्यात भारी लादी बसवू." घरच्यांना पटलं, मला नाही. आमच्या आत्ताच्या घराचा जिना असाच फी वाचवून झालाय. मजल्याची उंची ३ मीटर, चढ १५, म्हणजे प्रत्येक पायरी २० सेंमी उंच. आई मधे एकदा थांबून श्वास घेते. १८ चढ केले असते तर पायरी १७ सेंमीच्या आत आली असती, पण तेवढी लांबी जिन्याला ठेवलीच नव्हती. शेजारची भिंत आधीच उभी! त्यात खालच्या लादीची जाडी कोणी धरली नाही, त्यामुळे पहिली पायरी बुटकी. नवा पाहुणा तिथे हमखास ठेचकाळतो.

मिस्त्रीचापोर: यात आर्किटेक्टचा काय संबंध? तुमचा मिस्त्री कच्चा होता. माझे वडील भिंतीवर खडूने जिना आखायचे, लादीची जाडी धरून. आणि डिग्रीवाल्यांचे प्रतापही पाहिलेत. बाथरूमचं दार उघडलं की कमोडवर आपटतं. हे कागदावर दिसलं नाही का?

खिडकीखालचा: मोठ्यांचं काय सांगता? सिडनी ऑपेरा हाऊसचा अंदाज होता ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, खर्च झाला १० कोटी २० लाख. या लोकांना स्वतःचं स्मारक बांधायचं असतं, दुसऱ्याच्या पैशाने.

पायरीमोजे: उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूचं दिलंत. १९५९ मध्ये तिथे काम सुरू झालं तेव्हा छताची शिंपल्यांसारखी कवचं नक्की कशी उभी करायची हेच ठरलं नव्हतं. घाई सरकारची होती. पुढे छत ठरलं तेव्हा आधी उभारलेले खांब त्याच्या वजनाला अपुरे पडले, ते पुन्हा करावे लागले. १९६६ मध्ये तिथले आर्किटेक्ट उत्झॉन काम सोडून गेले, इमारत खुली झाली १९७३ ला. आमच्या जिन्याचीच गोष्ट, फक्त आकडे मोठे.

खिडकीखालचा: सगळं खापर सरकारवर? उत्झॉन अगदी धुतल्या तांदळासारखे होते वाटतं!

सळई१२: मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. दोन गोष्टींची गल्लत होतेय. घर पडणार नाही हे मी बघतो. त्यात राहणं सुखाचं होईल का, हे माझं काम नाही. पश्चिमेची खिडकी घ्या. संध्याकाळचं ऊन तिरपं, जवळजवळ समोरून येतं. वरचा आडवा छज्जा ते अडवत नाही, तिथे उभी आडोशाची पट्टी लागते किंवा खिडकीच हलवावी लागते. मला कोणी विचारलं तर मी छज्जा पुरेसा मजबूत करून देईन. ऊन येतच राहील.

आणि कंत्राटदारच नकाशा काढणार असेल तर त्याचं काम तपासणार कोण? तपशीलवार ड्रॉइंग हातात असली की तीन कंत्राटदारांकडून एकाच कामाचे दर मागता येतात. नसली तर तिघेही आपापल्या मनातल्या घराचा दर देतात, आणि सगळ्यात स्वस्त दरवाल्याने काय काय वगळलंय ते स्लॅब ओतून झाल्यावर कळतं.

मिस्त्रीचापोर: हे मान्य. पण फी खर्चाच्या टक्क्यांत का? घर महाग झालं की त्याचीच फी वाढते. असा माणूस स्वस्तातला पर्याय कशाला सुचवेल?

सळई१२: मग टक्के नका ठरवू. ठरावीक रक्कम, टप्प्याटप्प्याने. मात्र साइटवर किती वेळा यायचं हे आधीच लिहून घ्या. नुसतं एलिव्हेशनचं, म्हणजे घराच्या दर्शनी बाजूचं, रंगीत चित्र देऊन गायब होणाऱ्यापेक्षा तुमचे वडील परवडले.

मिस्त्रीचापोर: 😄 त्यांना सांगतो.

पायरीमोजे: भावाला हा धागा दाखवला. म्हणाला, "बरं, जिन्यापुरता विचारू या कुणालातरी." नुसत्या जिन्यापुरता आर्किटेक्ट मिळतो का हो?