भंडारदरा सहल: यादीतलं २३ नंबरचं नाव

बी-२०४ वहिनी: सहलीची यादी आत्ता बघितली. २३ नंबरला "शेरू" लिहिलंय. कुणी लिहिलं? अलिबागहून येताना ओला कुत्रा माझ्या पायाशी होता, विसरले नाहीये मी.

ए-५०३ (शेरूची आई): मीच लिहिलं, वहिनी. सीटचे पूर्ण पैसे भरते.

बी-३०१ काका: ट्रॅव्हलरवाल्याला विचारलंय का?

सी-१०१ अण्णा: येऊ द्या की. बारक्या पोरांपेक्षा शांत असतो तो.

बी-२०५: अण्णा, पोरांवर का घसरता?

सी-१०१ अण्णा: नाव घेतलं का मी कुणाचं?

बी-२०४ वहिनी: कसारा घाटात ओकला तर? बाकीच्यांनी नाकं दाबून बसायचं का?

ए-५०३ (शेरूची आई): निघायच्या आधी चार तास खायला देत नाही, घोटभर पाणी फक्त. घोटीला उतरवून पाय मोकळे करीन. माळशेजला असाच नेला होता, काही झालं नाही.

बी-३०१ काका: ट्रॅव्हलरवाल्याला विचारलंय का?

सी-४०२: मावशी, गाडीचं सोडा. सांदण दरी आणि रतनवाडी कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात. पाळीव कुत्रा आत नेता येत नाही. नाक्यावर अडवलं तर अख्खी गाडी खोळंबेल.

ए-५०३ (शेरूची आई): त्याची सगळी इंजेक्शनं झालीत गं. रेबीजचं कार्ड पर्समध्येच असतं.

सी-४०२: त्याची झाली, जंगलातल्या जनावरांची कुठे होतात? २०१८ साली गीरमध्ये सिंह मेले त्यात डिस्टेंपर निघाला, आणि हा रोग कुत्र्यांमध्ये सर्रास असतो. शिवाय बिबटे आहेत. मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा उगाच घालत नाहीत, बिबट्या मानच धरतो.

बी-२०४ वहिनी: बघा! शिकलेली मुलगी सांगतेय.

सी-१०१ अण्णा: हे मात्र खरं आहे. राजूरला मामाच्या अंगणातला कुत्रा असाच गेला. सकाळी साखळी तेवढी राहिली होती.

ए-५०३ (शेरूची आई): अण्णा, तुम्हीसुद्धा? मग ठेवू कुठे त्याला? गेल्या दिवाळीत बोर्डिंगला ठेवला तर अंगभर गोचिड्या घेऊन आला. ताप, प्लेटलेट उतरल्या, सलाईन लावावी लागली. पुन्हा नाही ठेवणार.

बी-२०४ वहिनी: मग या वेळी तुम्ही घरी थांबा.

ए-५०३ (शेरूची आई): लिफ्टचा राग इथे काढू नका, वहिनी.

बी-२०४ वहिनी: लिफ्टचं मी काढलंच नव्हतं. आता तुम्ही काढलंत तर सांगते, पावसाळाभर आरशावर पंज्यांचे ठसे होते.

सी-१०३: लिफ्टमधून नेता येतं. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५ चं परिपत्रक परत टाकू का?

सेक्रेटरी: कृपया नको. लिफ्ट मिटिंगमध्ये.

ए-१०२ खजिनदार: ज्यांची वर्गणी बाकी आहे त्यांनी आज भरा. ॲडव्हान्स द्यायचाय.

बी-३०१ काका: तिसऱ्यांदा विचारतोय. ट्रॅव्हलरवाल्याला विचारलंय का?

सी-४०२: मावशी, शेरूला आणू नका असं नाही म्हणत मी. आपला मुक्काम नाक्याच्या अलीकडे आहे. शेरू तिथेच राहू दे, आत नको. आणि अंधार पडला की त्याला खोलीत घ्यायचं, दोरी धरलेली असली तरी.

सी-१०३: शिवाय ऑक्टोबरात गवत वाळलेलं असतं. आमच्या ब्राउनीच्या बोटांच्या बेचक्यात कुसळ शिरलं होतं. ते आत शिरलं की पुढेच सरकतं, मागे येत नाही. पू झाला, शेवटी चिरा द्यावा लागला. फिरवून आणलंत की पंजे उलटे करून एकेक बोट फाकवून बघा, कानातही बघा. दुपारी कातळावर नेऊच नका, तळवे भाजतात.

ए-५०३ (शेरूची आई): हे कुसळाचं मला ठाऊक नव्हतं. थँक्यू. पण मुलाला सांदण बघायचीय आणि ह्यांना सुट्टी नाही. मला मुलाबरोबर जावंच लागेल. तेवढा वेळ शेरूपाशी कोण बसेल?

सी-१०१ अण्णा: मी बसतो. गुडघ्यांमुळे मी दरीत उतरणार नाहीच. फक्त त्याचं जेवण कधी नि किती ते कागदावर लिहून द्या.

ए-५०३ (शेरूची आई): अण्णा 🙏 देते लिहून. बिस्किटं मात्र एकही नको, कितीही तोंडाकडे बघत बसला तरी.

बी-२०४ वहिनी: ठीक आहे. पण मागची सीट. आणि ओला झाला तर पुसून मगच गाडीत.

ए-५०३ (शेरूची आई): मान्य. त्याचे दोन टॉवेल घेते.

बी-३०१ काका: शेवटी मीच फोन केला. ट्रॅव्हलरवाला नेईन म्हणतो. सीटवर आणि खाली जाड चादर हवी, केस राहिले तर धुलाईचे ८०० वेगळे. हेच पहिल्यांदा विचारलं असतं तर एवढं लांबलंच नसतं.

ए-५०३ (शेरूची आई): ८०० मी देते.

बी-२०५: कुत्र्याला अख्खी सीट मिळते, मग माझ्या धाकट्याचं अर्धं तिकीट का नाही?

ए-१०२ खजिनदार: पाच वर्षांवर पूर्ण तिकीट. मिटिंगमध्येच ठरलंय, तुमचीही सही आहे.