बी-304 ची डिझेल गाडी: 78 हजार लावायचे की विकायची?

बी-304: नमस्कार सोसायटीतली मंडळी, फ्लॅट बी-304 मधून लिहितोय, गाडीबद्दल सल्ला हवाय. 2014 ची डिझेल सेडान, 1248 सीसी, 1,28,000 किमी. वर्षाला साधारण 7,000 किमी होतात, निम्मे पुण्याच्या फेऱ्यांत, निम्मे शहरात. मानपूरच्या घाटात ओढत नाही, काळा धूर सोडते. गॅरेजचा अंदाज: टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) 28,000, चार इंजेक्टर (डिझेल फवारणारे) 34,000, क्लच सेट 16,000. एकूण 78,000. एवढे लावायचे की विकून पेट्रोल घ्यायची? घरात सगळ्यांचं म्हणणं, डिझेल दहा वर्षांनी बंदच होतं.

ए-102: दहा वर्षांचं आधी सांगतो, कारण याच भीतीने चांगल्या गाड्या मातीमोल जातात. ती मर्यादा दिल्ली-एनसीआरची. 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाचा (एनजीटी) आदेश, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा. एमपी 09 नंबरच्या, इंदूरमध्ये चालणाऱ्या गाडीशी त्याचा संबंध नाही. तुमचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं, म्हणजे 2029 पर्यंत आहे. नंतर गाडी तपासून दर वेळी 5 वर्षं वाढवून मिळतात. फॉर्म 25 भरायचा, मुदत संपण्याआधीच्या 60 दिवसांत. कारसाठी शुल्क 5,000, गाडी 20 वर्षांपुढची असेल तर 10,000.

फक्त ही गाडी दिल्लीला नेऊ नका. आरसीवर धुराचं मानक बीएस-3 आहे की 4 तेही बघून ठेवा. बीएस-4 देशभर सक्तीचं एप्रिल 2017 पासून झालं, त्यामुळे 2014 ची इंदूरची गाडी बीएस-3 सुद्धा निघू शकते.

सी-201: दादा, तो 78 हजारांचा कागद सध्या बाजूला ठेवा. दोन तक्रारींवर टर्बो आणि चारही इंजेक्टर एकदम बदलायला सांगणं याला निदान म्हणत नाहीत.

काळा धूर म्हणजे डिझेल पुरेसं येतंय, ते जाळायला हवा कमी पडतेय. दहा वर्षांच्या गाडीत हवा कमी पडली की पहिला संशय टर्बोवर नको, टर्बो ते इंटरकूलर (हवा गार करणारी जाळी) आणि इंटरकूलर ते इंजिन या रबरी पाइपांवर घ्यायचा. उष्णतेने रबर कडक होतं आणि क्लिपच्या जागी चिरतं. गाडी उभी असताना चीर मिटलेली असते, बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, आला की उघडते. म्हणून गॅरेजमध्ये नुसतं बॉनेट उघडून ती दिसत नाही. पाइपवर तेलकट काळा पट्टा दिसला तर तिथेच क्लिप सोडून पाइप बाहेर काढा आणि वाकवून बघा. रेस दिल्यावर फुस्स असा आवाज येत असेल तर जवळपास खात्रीच समजा. पाइपाचा खर्च टर्बोच्या जवळपासही जात नाही.

त्यानंतर एअर फिल्टर, मग ईजीआर व्हॉल्व्ह. ईजीआर एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडतो. त्यातली काजळी आणि इंजिनातली तेलाची वाफ मिळून आत डांबरासारखा थर बसतो. व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकला की दम जातो आणि धूर वाढतो. काढून साफ करता येतो. गॅस्केट मात्र नवी लावा, जुनी दाबून बसवू नका.

हे सगळं ठीक निघालं तरच टर्बो. इंजिन गार असताना टर्बोत हवा नेणारा पाइप काढून टर्बोची दांडी दोन बोटांत धरा. डावी-उजवीकडे किंचित हलली तर घाबरू नका. बेअरिंग तेलावर तरंगतं, तेवढी ढील असतेच. आत-बाहेर हलता कामा नये आणि पंखा घराला घासलेला नको. घासल्याच्या खुणा असतील तर टर्बो गेला. आणि नवा बसवताना तेलाचा पाइप साफ केला नाही, तर तोही तसाच जाईल.

सी-201: इंजेक्टर. हे पंप-नोझलवाल्याकडे, अंदाजाने नाही. लीक-ऑफ टेस्ट करायला सांगा. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला (उरलेलं डिझेल परत जायची नळी) चार सारख्या बाटल्या लावायच्या, गाडी पाचेक मिनिटं आयडलवर ठेवायची. ज्याची बाटली बाकी तिघांपेक्षा बरीच जास्त भरते तो झिजलाय. बहुतेक वेळा चारातला एखादाच खराब निघतो. बाकीचे टेस्ट बेंचवर लावून आकडे कागदावर घ्या, तोंडी नको. इंजेक्टर बदलला की त्याचा कोड ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, टाकावा लागतो. तो टाकला नाही तर नवा इंजेक्टरसुद्धा खडखडतो.

आणि इंजेक्टरच्या बुडाशी काळं डांबर साचलेलं दिसलं, चक्-चक् आवाज येत असेल, तर खालचा तांब्याचा वॉशर गेलाय. स्वस्त वस्तू आहे, पण दुर्लक्ष केलं तर इंजेक्टर हेडमध्ये असा चिकटतो की काढताना हेडच खराब होतं.

क्लचची परीक्षा घरीच होते. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये 40 चा वेग, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम भरकन वर गेले आणि वेग मागेच राहिला, तर प्लेट घसरतेय. दोन्ही बरोबर वाढले तर अजून चालवा. हवा कमी असल्यामुळेही गाडी घाटात ओढत नाही, आणि तो दोष क्लचवर जातो.

बी-304: काका, एवढं त्यांनी काहीच केलं नाही. फक्त स्कॅनर लावला.

सी-201: स्कॅनर “बूस्ट कमी” एवढंच सांगतो. कमी का, ते हाताने शोधावं लागतं.

पण तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे: या इंजिनावर पैसे लावण्यात अर्थ आहे का? त्यासाठी आधी इंजिनाचं पोट बघा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करा. पांढरा धूर आणि थोडी थरथर असेल तर ग्लो प्लग, किरकोळ. निळा धूर थांबतच नसेल तर तेल जळतंय. ते टर्बोच्या सीलमधून किंवा पिस्टनच्या रिंगांमधून येतं. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सोडून नुसतं वर ठेवा. किंचित थरथरलं तर ठीक. उडून पडत असेल, भकाभका वाफ येत असेल, तर रिंगा बसल्यात. गार असताना कूलंटची बाटली उघडून वर तेलाची साय दिसते का बघा. दिसली तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर.

शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. चार सिलिंडरमध्ये आपापसात 3-4 बारपेक्षा जास्त फरक नको. रिंगा किंवा हेड गेलं असेल तर एक रुपयाही न लावता आहे तशी विका. ही सगळी तपासणी साफ असेल तर गाडी विकायचं कारण मला दिसत नाही. इंजिन ओळखीचं आहे, हेच कितीतरी मॉडेल्समध्ये आलं, सुटे भाग आजही मिळतात.

चेनबद्दल एक. यात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. तिचा ताण इंजिन ऑइलच्या दाबावर राहतो. ऑइल एकूण तीन लिटरच्या आसपासच आहे, त्यामुळे अर्धा लिटर कमी झालं तरी फरक पडतो. गार स्टार्टला दोन-तीन सेकंदांपुढे साखळी खळखळली तर चेन किट बदलून घ्या. ज्यांच्याकडे 1.5 डीसीआय (रेनो-निसानचं डिझेल) इंजिनाच्या गाड्या आहेत त्यांनी बेल्ट केव्हा बदलला ते बिलात बघा. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेडच गेलं.

ए-405: आता पैशांचं. हिशेबासाठी डिझेल 92, पेट्रोल 107 धरू. मिश्र वापरात डिझेल 18 आणि पेट्रोल 14 चं मायलेज धरू. किलोमीटरला डिझेल 5.11, पेट्रोल 7.64. म्हणजे पेट्रोल घेतली तर 7,000 किमीला वर्षाला सुमारे 17,700 जास्त जातील. नवी गाडी घेऊन इंधनात वाचेल असं कोणी म्हणत असेल तर उलट आहे. शिवाय आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल येतं. लिटरला इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे 14 हा आकडासुद्धा मी हात सैल सोडून धरलाय.

खरा खर्च घसाऱ्याचा. विम्याच्या आयडीव्हीच्या (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) तक्त्यात पाच वर्षांत 50 टक्के घट धरतात. 10 लाखांच्या गाडीवर वर्षाला सरासरी एक लाख. 8 लाख कर्ज 9 टक्क्यांनी 5 वर्षं घेतलं तर हप्ता सुमारे 16,600, आणि पाच वर्षांत व्याजच 1,96,000 च्या पुढे. म्हणजे बी-304 ने सगळे 78,000 लावले, तरी नव्या गाडीच्या एका वर्षाच्या घसाऱ्याच्या आतच आहे. आणि काका म्हणतात तसं पाइपावर निभावलं तर प्रश्नच मिटला.

विकणं मी कधी म्हणेन? इंजिन आतून गेलं असेल तर. किंवा एअरबॅग, एबीएस नसलेली खालची व्हेरियंट असेल आणि घरात लहान मुलं घेऊन रात्रीचा हायवे करत असाल तर. तिथे रुपयांचा हिशेब मी मांडत नाही.

बी-304: ताई, एबीएस आहे, दोन एअरबॅगपण.

डी-110: इलेक्ट्रिकचा विचार का नाही?

ए-405: फक्त शहरात चालवणाऱ्यांनी जरूर करावा. किलोमीटरला 0.16 युनिट, 8 रुपये दराने 1.28. पण 7,000 किमीला डिझेलपेक्षा सुमारे 26,800 वाचतील, गाडीच्या किमतीपुढे ते थोडेच. आणि यांची निम्मी धाव पुण्याची आहे.

डी-110: पार्किंगमध्ये चार्जिंग चालेल का?

ए-102: 15 अँपिअरच्या सॉकेटवर 3.3 किलोवॅटने 30 युनिटची बॅटरी भरायला दहा तास तरी लागतात. स्वतंत्र एमसीबी आणि चांगलं अर्थिंग हवं, मीटर आपापला. कॉमन लाइटच्या लाइनवरून नको, ते मीटिंगमध्ये ठरवू.

सी-503: विषय निघालाच आहे तर विचारते. आमची 2021 ची डिझेल एसयूव्ही, बीएस-6. शाळा आणि भाजी, रोज चारेक किलोमीटर. सारखा डीपीएफचा पिवळा दिवा लागतो.

सी-201: वहिनी, तुमच्या बाबतीत मी उलट सांगेन. बी-304 ची जुनी गाडी ठेवावी, तुमची नवी विकावी. डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारी जाळी. ती जाळून साफ करायला एक्झॉस्ट 550-600 अंशांवर जावा लागतो, आणि ती प्रक्रिया सलग 15-20 मिनिटं चालावी लागते. चार किलोमीटरमध्ये इंजिन नीट तापतसुद्धा नाही. प्रक्रिया अर्ध्यात तुटते, त्यासाठी जास्तीचं सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून बघा. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल, वास डिझेलचा येत असेल, तर ऑइल लगेच बदला. पातळ ऑइलवर बेअरिंग आणि टर्बो दोन्ही जातात.

पातळी ठीक असेल तर आज संध्याकाळी उज्जैन रोडला अर्धा तास, चौथ्या गिअरमध्ये, आरपीएम 2,000 च्या वर ठेवून चालवा. दिवा विझेपर्यंत बंद करू नका. ऑइल डीपीएफला चालणारं लो-ॲश प्रतीचंच भरा. लाल दिवा लागला किंवा दम गेला तर हायवेला नेऊ नका, स्कॅनरवर करून घ्या. आणि कोणी डीपीएफ काढून टाकायचा सल्ला दिला तर ऐकू नका. बेकायदेशीर आहे, आणि त्या धुराच्या उंचीवर आपलीच मुलं सायकल चालवतात.

सी-503: धन्यवाद काका. विकायचीच ठरली तर कागदपत्रं?

ए-102: कर्ज फिटलं असेल तर आधी फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र देऊन आरसीवरचा बोजा उतरवा. फॉर्म 29 आणि 30 वर सही करून कोरे देऊ नका, खरेदीदाराचं नाव आणि तारीख भरूनच द्या. डीलरला देत असाल तर तो अधिकृत आहे का बघा. मग फॉर्म 29सी ने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद पोर्टलवर करा. नोंद झाली नाही तर पुढचं चलन आणि अपघाताचा दावा तुमच्याच नावाने येईल. परराज्यात जाणार असेल तर फॉर्म 28 ची एनओसी.

बी-304: म्हणजे मी आधी पाइप आणि ईजीआर बघून घेतो. काका, तुम्हाला कधी वेळ आहे?

सी-201: शनिवारी सकाळी सात वाजता. शुक्रवारी रात्री लावलेली गाडी माझ्याआधी कोणी सुरू करू नका, मला गार स्टार्ट बघायचाय. आत्ताच रेस देऊन धूर काढून बघू नका, चेन ढिली असेल तर आणखी बिघडेल. पाने माझ्याकडे आहेत. तुम्ही जुनी सर्व्हिस बिलं आणि टॉर्च आणा. पीयूसीची चिठ्ठीसुद्धा. त्यावर के-व्हॅल्यू (धुराच्या दाटपणाचा आकडा) छापलेली असते, तुमच्या गाडीला बीएस-3 असेल तर 2.45 आणि बीएस-4 असेल तर 1.62 ची मर्यादा. मागच्या दोन-तीन चिठ्ठ्या मिळाल्या तर धूर अचानक वाढलाय की हळूहळू, ते कळेल. अचानक वाढला असेल तर पाइपाचा संशय जास्त.